विश्लेषण : चक्कर डोक्यात, बिघाड कानात! आतला कान नेमके काय काम करतो?

पहाटे अंथरुणात कूस बदलली आणि खोली गरगर फिरली, की घरात पहिला संशय रक्तदाबावर जातो, दुसरा साखरेवर आणि तिसरा मानेच्या मणक्यांवर. मग बीपी तपासले जाते, मानेचा एक्स-रे निघतो, गळ्यात पट्टा येतो आणि चक्करीच्या गोळ्या महिनोन्‌महिने सुरू राहतात. या सगळ्यात कानाचा विचार अनेकदा शेवटी होतो. वास्तविक, गरगरण्याच्या सर्वाधिक आढळणाऱ्या कारणाचे मूळ कानातच असते आणि त्यावरचा मुख्य उपचार काही मिनिटांचा असतो. दुसरीकडे, ‘कानात मळ असेल’ म्हणून दुर्लक्षिलेल्या एका आजारात मात्र काही दिवसांचा उशीरही कायमचे बहिरेपण देऊ शकतो. ऐकणे आणि तोल या दोन्ही गोष्टी सांभाळणारा आतला कान कसा चालतो आणि तो बिघडला हे ओळखायचे कसे, याविषयी...

आतला कान म्हणजे काय?

कानाचे तीन भाग असतात. बाहेरून दिसणारी पाळी आणि पडद्यापर्यंतची नळी हा बाह्यकर्ण, पडद्यामागची हवेची पोकळी हा मध्यकर्ण आणि त्याच्याही आत कानशिलाच्या हाडात दडलेला तो आंतरकर्ण. हाडाचा हा भाग शरीरातल्या सर्वांत टणक हाडांपैकी एक आहे. त्यात कोरलेल्या वळणावळणाच्या पोकळ्यांमध्ये पातळ पडद्याच्या पिशव्या आणि नळ्या असतात आणि त्या द्रवाने भरलेल्या असतात. या भूलभुलैयाचे दोन विभाग आहेत. एक, गोगलगायीच्या शंखासारखा वळलेला, वाटाण्याएवढा कॉक्लिया; त्याचे काम ऐकण्याचे. दुसरा, तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या बुडाशी असलेल्या दोन छोट्या पिशव्या. त्यांचे काम तोल सांभाळण्याचे.

हे दोन विभाग शेजारी असणे हा योगायोग नाही. दोन्हींत एकच द्रव खेळतो, दोन्हींत संवेदना टिपणाऱ्या पेशी एकाच घराण्यातल्या आहेत, दोन्हींचे संदेश मेंदूकडे नेणारी आठवी मस्तिष्क चेता एकच आहे आणि दोन्हींना रक्त पुरवणारी मुख्य बारीक धमनीही एकच. तिला पर्यायी रस्ता जवळपास नाही. त्यामुळे आतल्या कानाच्या काही आजारांत चक्कर आणि कमी ऐकू येणे ही लक्षणे जोडीने येतात.

आवाज मेंदूपर्यंत कसा पोहोचतो?

हवेतला आवाज थेट पाण्यावर आदळला तर त्याची जवळजवळ सगळी ऊर्जा परत फिरते. पोहणाऱ्याला पाण्याखाली काठावरचे बोलणे ऐकू येत नाही, ते यामुळेच. आतला कान द्रवाने भरलेला असल्याने तिथेही हीच अडचण आहे. ती मध्यकर्णातली हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडे सोडवतात. कानाच्या मोठ्या पडद्यावरचा दाब ती रिकिबीच्या चिमुकल्या तळव्यावर एकवटतात आणि तो सुमारे २० पट वाढवून कॉक्लियाच्या द्रवात पोहोचवतात.

कॉक्लियाची गुंडाळी उलगडली तर तिची लांबी सुमारे साडेतीन सेंटीमीटर भरते. एवढ्या जागेत २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतच्या कंपनांची विभागणी होते. शिट्टीसारखे बारीक आवाज सुरुवातीच्या टोकाला टिपले जातात, तर ढोलासारखे खर्जाचे आवाज आतल्या टोकाला. द्रवातली लाट कोणत्या जागी सर्वांत उंच उठते यावरून सूर ओळखला जातो, हे दाखवणारे जॉर्ज फॉन बेकेसी यांना १९६१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

लाटेचे रूपांतर विजेच्या संदेशात करणाऱ्या पेशींना केशपेशी म्हणतात, कारण त्यांच्या डोक्यावर केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात. एका कानात अशा केशपेशी साधारण १५ हजार असतात. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी कोट्यवधी असतात. त्या तुलनेत ही शिल्लक फारच तुटपुंजी. शिवाय माणसाच्या कॉक्लियातली केशपेशी एकदा मेली की पुन्हा उगवत नाही. कोंबडीसारख्या पक्ष्यांत ती उगवते, सस्तन प्राण्यांनी ही क्षमता गमावली आहे.

तोल कसा सांभाळला जातो?

मोबाइल आडवा धरला की स्क्रीन फिरते, कारण त्यात वेग आणि कल मोजणारा अ‍ॅक्सेलरोमीटर आणि फिरणे मोजणारा जायरोस्कोप असे दोन सेन्सर असतात. कानात नेमकी हीच जोडी आहे. तीन अर्धवर्तुळाकार नलिका एकमेकींशी साधारण काटकोनात बसवलेल्या असतात. मान ‘हो’ म्हणून हलवा, ‘नाही’ म्हणून हलवा किंवा खांद्याकडे कलवा, प्रत्येक वेळी कोणत्या ना कोणत्या नलिकेतला द्रव मागे रेंगाळतो आणि केशपेशींवरचा मऊ पडदा वाकवतो. मेंदूला कळते की डोके फिरते आहे.

फुगडी खेळताना याचा अनुभव सर्वांनी घेतलेला असतो. काही फेऱ्यांनंतर द्रवही अंगाच्या वेगाने फिरू लागतो. फुगडी थांबते, पाय थांबतात, पण द्रव लगेच थांबत नाही. तो पडद्याला उलट बाजूला ढकलतो आणि अंगण उलट्या दिशेने फिरल्यासारखे वाटते. आजारातल्या गरगरण्याचे तंत्र याहून फार वेगळे नसते. फक्त तिथे फुगडी न खेळताच खोटा संदेश जातो.

नलिकांच्या बुडाशी असलेल्या दोन पिशव्या सरळ रेषेतली हालचाल आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतात. त्यांच्यातल्या केशपेशींवर चिकट थर असतो आणि त्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे म्हणजे खडूच्याच द्रव्याचे सूक्ष्म स्फटिक बसवलेले असतात. लिफ्ट सुटली किंवा गाडीने ब्रेक लावला की जड स्फटिक मागे राहतात, तंतू वाकतात आणि डोळे मिटलेले असले तरी हालचाल कळते.

कान डोळ्यांनाही आधार देतो. हा मजकूर वाचताना मोबाइल स्थिर धरून डोके डावी-उजवीकडे हलवा. अक्षरे वाचता येतात. आता डोके स्थिर ठेवून मोबाइल तितक्याच वेगाने हलवा. अक्षरे पुसट होतात. डोके हलले की कान सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात डोळ्यांच्या स्नायूंना उलट दिशेने वळवतो. कॅमेऱ्यातल्या ‘इमेज स्टॅबिलायझेशन’चे हे मूळ रूप म्हणता येईल. ही व्यवस्था बिघडली की चालताना समोरचे दृश्य हिंदकळते.

घाटात गाडी का लागते?

तोल सांभाळण्यासाठी मेंदू तीन ठिकाणची माहिती जुळवतो : कान, डोळे आणि पाय-मणक्यांतल्या सांध्यांची जाणीव. कसारा किंवा आंबोलीच्या घाटात एसटीत बसून मोबाइल पाहणाऱ्याचे डोळे ‘सगळे स्थिर आहे’ असे सांगतात आणि कान ‘वळणामागून वळण येते आहे’ असे सांगतो. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. पुढच्या बाजूला बसून रस्त्यावर नजर ठेवली की डोळे आणि कान यांचा मेळ बसतो आणि त्रास कमी होतो.

तीनपैकी एक बाजू कमकुवत झाली तरी उरलेल्या दोन काम भागवतात. मात्र वय वाढते तशी दृष्टी मंदावते, मधुमेहात तळव्यांची संवेदना घटते आणि सगळी भिस्त कानावर येते. रात्री अंधारात, ओल्या फरशीवर न्हाणीघरात ज्येष्ठ मंडळी पडतात, त्यामागे हेही एक कारण असते. म्हणून न्हाणीघरात रात्रीचा मंद दिवा आणि भिंतीला पकडण्याचा दांडा ही साधी सोयही मोलाची ठरते.

‘चक्कर’ या एका शब्दात किती तक्रारी?

डॉक्टरांकडे गेल्यावर बहुतेक जण ‘चक्कर येते’ एवढेच सांगतात. प्रत्यक्षात मराठीत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत आणि त्यांतला फरक निदानाला उपयोगी पडतो. भोवतालचे जग फिरल्यासारखे वाटते ते गरगरणे. त्यात संशय आतल्या कानावर किंवा मेंदूच्या मागच्या भागावर जातो. उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते, भोवळ येते, तेव्हा रक्तदाब, हृदय, रक्तक्षय किंवा औषधांचा विचार होतो. चालताना झोकांडी जाते पण बसल्यावर काहीच होत नाही, तेव्हा पायांच्या चेता, सांधे किंवा लहान मेंदूकडे पाहिले जाते.

त्याहून महत्त्वाचे दोन प्रश्न म्हणजे चक्कर किती वेळ टिकते आणि ती कशाने सुरू होते. काही सेकंद, काही तास की काही दिवस, या एका उत्तरावर कानाच्या तीन प्रमुख आजारांची विभागणी होते.

कूस बदलताना खोली का फिरते?

काही सेकंदांच्या गरगरण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे ‘बीपीपीव्ही’. पिशवीतल्या थरावरचे काही स्फटिक सुटतात आणि नलिकेत शिरतात. बहुतेकदा ते मागच्या नलिकेत जातात, कारण तीच सर्वांत खाली असते. मग फक्त फिरणे मोजण्यासाठी असलेली ही नलिका गुरुत्वाकर्षणालाही प्रतिसाद देऊ लागते. डोके थांबले तरी स्फटिक खाली घरंगळत राहतात, द्रव ढवळतो आणि मेंदूला डोके फिरत असल्याचा खोटा निरोप मिळतो. ही चक्कर सहसा एका मिनिटाच्या आत ओसरते.

अंथरुणात कूस बदलणे, झोपणे-उठणे, फडताळाच्या वरच्या फळीवरचा डबा काढताना मान वर करणे, वाकून नमस्कार करणे अशा हालचालींनी ती सुरू होते. पन्नाशीनंतर आणि महिलांमध्ये हा आजार अधिक आढळतो. डोक्याला मार लागल्यावर तो तरुणांनाही होतो.

मान हलवली की चक्कर येते, म्हणून दोष मानेला दिला जातो. पन्नाशीनंतर बहुतेकांच्या मानेच्या एक्स-रेमध्ये झीज दिसतेच, त्यामुळे संशय पक्का वाटतो. पण झीज दिसली म्हणजे चक्कर तिच्यामुळेच आली असे सिद्ध होत नाही. हे सुटे स्फटिक एमआरआय किंवा सीटी स्कॅनमध्येही दिसत नाहीत. त्यांचे निदान होते ते साध्या खाटेवर. डॉक्टर रुग्णाची मान एका बाजूला ४५ अंश वळवून त्याला झटकन मागे झोपवतात आणि डोळ्यांकडे पाहतात. दोष त्या बाजूच्या कानात असेल तर काही सेकंदांनी बुबुळे विशिष्ट पद्धतीने थरथरू लागतात. ‘डिक्स-हॉलपाइक’ नावाची ही चाचणी १९५२ पासून वापरात आहे.

यावर गोळ्या हा उपाय का नाही?

कारण बिघाड रासायनिक नसून यांत्रिक आहे. नळीत खडा अडकला असेल तर नळी कलवून तो बाहेर काढावा लागतो. अमेरिकेतील पोर्टलंडचे कानतज्ज्ञ जॉन एप्ली यांनी हाच विचार केला. रुग्णाचे डोके ठरावीक क्रमाने फिरवत स्फटिक नलिकेतून पुन्हा पिशवीत आणायची रीत त्यांनी १९८० मध्ये मांडली. ती इतकी साधी होती की सहकाऱ्यांनी सुरुवातीला तिच्याकडे साशंकतेनेच पाहिले. तिच्यावरचा त्यांचा गाजलेला लेख १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. आज जगभर हाच प्रमुख उपचार आहे. पाचेक मिनिटांच्या या कसरतीने एक-दोन वेळांत बहुतेक रुग्णांना आराम पडतो.

अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे तर बीपीपीव्हीसाठी चक्करीच्या गोळ्या सरसकट देऊ नयेत असे सांगतात. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन यांसारखी औषधे तीव्र मळमळीत एक-दोन दिवस उपयोगी असतात. पण ती दीर्घकाळ घेतल्यास मेंदूची तोल सावरून घेण्याची प्रक्रिया मंदावते आणि ज्येष्ठांमध्ये कंप, संथपणा अशी पार्किन्सनसारखी लक्षणेही दिसू शकतात.

ही कसरत व्हिडीओ पाहून घरी करण्याचा मोह होतो. मात्र दोष कोणत्या कानात आणि कोणत्या नलिकेत आहे हे ठरल्याशिवाय ती करू नये. मान, पाठ किंवा डोळ्याच्या पडद्याचा आजार असणाऱ्यांनी तर ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावी. हा त्रास काही महिन्यांनी किंवा वर्षांनी उलटू शकतो. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता असणाऱ्यांना ते दिल्यास तो उलटण्याचे प्रमाण घटते, असे दक्षिण कोरियातील २०२० च्या अभ्यासात दिसले आहे.

चक्कर तासन्‌तास किंवा दिवसेंदिवस टिकली तर?

वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत टिकणारे गरगरणे, त्याच सुमारास एका कानात दडा, गुणगुण आणि कमी-जास्त होणारे ऐकू येणे, असे चित्र असेल तर मेनिएर आजाराचा विचार होतो. यात आतल्या कानातला द्रव वाढून पडद्यांवर ताण येतो. अशा झटक्यांचे मूळ मेंदूत नसून कानात असल्याचे फ्रेंच डॉक्टर प्रॉस्पेर मेनिएर यांनी १८६१ मध्ये पॅरिसमध्ये मांडले, तोवर ते मेंदूचे दुखणे समजले जाई. रुग्णांना मीठ कमी करायला सांगितले जाते. म्हणजे लोणचे, पापड, फरसाण यांवर आधी नियंत्रण. सोबत औषधे आणि गरज पडल्यास पडद्यातून कानात इंजेक्शन दिले जाते.

एकाएकी सुरू होऊन सलग एक-दोन दिवस किंवा अधिक टिकणारी चक्कर, उलट्या, पण ऐकू व्यवस्थित येते, अशा वेळी तोलाच्या चेतेला सूज आलेली असू शकते. पहिले काही दिवस औषध लागते. त्यानंतर मात्र पडून राहण्यापेक्षा लवकर उठून चालणे आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले मान-डोळ्यांचे व्यायाम यांचा अधिक उपयोग होतो. दुखावलेला कान पूर्ण बरा झाला नाही तरी मेंदू दुसऱ्या कानाच्या मदतीने नवा मेळ बसवतो, पण त्यासाठी त्याला हालचालीचा सराव हवा असतो.

एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर?

सकाळी उठल्यावर एका कानाला फोन लावला आणि पलीकडचे काहीच ऐकू आले नाही, तर बहुतेक जण मळ, सर्दी किंवा आंघोळीचे पाणी यांना दोष देऊन आठवडाभर थांबतात. हा उशीर धोकादायक आहे. आतल्या कानाला किंवा चेतेला इजा होऊन ७२ तासांच्या आत ऐकू येणे झपाट्याने घटते, त्या अवस्थेत स्टेरॉइडचा उपयोग जितका लवकर तितका अधिक होतो. पहिल्या दोन आठवड्यांनंतर तो झपाट्याने कमी होतो.

एक साधी खूण : तोंड मिटून ‘अं’ असा लांब हुंकार द्यावा. मळ किंवा मध्यकर्णातला अडथळा असेल तर आवाज बंद वाटणाऱ्या कानात मोठा वाटतो. आतल्या कानाला इजा असेल तर तो चांगल्या कानाकडे सरकतो. मात्र या खुणेवर विसंबून राहू नये. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन ऑडिओमेट्री करून घेणे हाच खरा मार्ग.

केशपेशींचे नुकसान कशाने होते?

सर्वांत मोठे टाळता येणारे कारण म्हणजे आवाज. डेसिबलचे माप गुणाकाराने वाढते : ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित आहे. ९० डेसिबलला ही मर्यादा ४ तासांवर येते आणि १०० डेसिबलला सुमारे २० मिनिटांवर. म्हणजे मिरवणुकीत डीजेच्या भिंतीजवळ घालवलेला अर्धा तासही आठवड्याचा कोटा संपवू शकतो. ढोल-ताशा पथकात रोज सराव करणाऱ्यांनी कानात इअरप्लग घालणे म्हणूनच गरजेचे आहे. कार्यक्रमानंतर कानठळ्या बसून ‘टीं’ असा आवाज येत राहिला, तर तो केशपेशींवर ताण आल्याचा इशारा असतो.

दुसरे कारण काही औषधे. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन ही प्रतिजैविके आणि कर्करोगावरील सिस्प्लाटिन ही जीव वाचवणारी औषधे आहेत, पण ती केशपेशींना मारू शकतात. ती परस्पर बंद करणे चूक ठरेल. मात्र उपचारांपूर्वी आणि उपचारांदरम्यान श्रवणचाचणी करण्याविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे. आईकडच्या नातेवाइकांत कोणाला अशा इंजेक्शनांनंतर बहिरेपण आले असेल तर तेही सांगावे. आईकडून येणाऱ्या एका जनुकीय बदलामुळे अशा औषधांचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

गेलेले ऐकू येणे परत येऊ शकते का?

केशपेशी थोड्या उरल्या असतील तर श्रवणयंत्र उपयोगी पडते. त्या जवळजवळ संपल्या असतील तर कॉक्लियर इम्प्लांट थेट चेतेला विजेचे संदेश देते. जन्मतः बहिऱ्या बाळासाठी वेळ सर्वांत महत्त्वाची : पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांची सुरुवात, असे सूत्र जगभर मानले जाते. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत वाचा-श्रवणाच्या तपासणीची सोय आहे. लहान मुलांच्या इम्प्लांटसाठी केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेतून मदत मिळते. चीनमध्ये एका विशिष्ट जनुकीय बहिरेपणावरील जनुकोपचारानंतर काही मुलांना ऐकू येऊ लागल्याचे २०२४ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाले. मात्र त्या मुलांच्या केशपेशी जिवंत होत्या, फक्त एक प्रथिन नव्हते. मेलेल्या केशपेशी उगवण्याचा उपचार अजून उपलब्ध नाही.

रुग्णालयात कधी धावावे?

चक्करीबरोबर बोलणे अडखळणे, एकाची दोन दृश्ये दिसणे, चेहरा वाकडा होणे, हात-पाय लुळा पडणे, आधाराशिवाय उभेच राहता न येणे किंवा पूर्वी कधी न झालेली तीव्र डोकेदुखी यांपैकी काहीही असेल तर तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी कानाचा विचार बाजूला ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि लक्षणे किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवावे. छातीत दुखून किंवा शुद्ध हरपून आलेली चक्करही तातडीचीच.

बाकीच्या वेळी डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात : गरगरते की अंधारी येते, किती वेळ टिकते, कोणत्या हालचालीने सुरू होते आणि ऐकण्यात काही फरक पडला आहे का. शक्य असेल तर चक्कर सुरू असताना घरच्यांनी रुग्णाच्या डोळ्यांचा मोबाइलवर व्हिडीओ काढावा. बुबुळांच्या थरथरीची दिशा पाहून तज्ज्ञांना बिघाड कोणत्या कानात आहे याचा अंदाज येतो आणि अनेकदा पुढच्या महागड्या तपासण्यांची गरजही उरत नाही.